दिवाणखान्यातली फजिती

काही कामं अशी असतात की त्यातली चूक झाकता येते. शिंप्याची शिवण चुकली तर गिऱ्हाईक यायच्या आत तो ती उसवून परत शिवतो. आमटी खारट झाली तर घरची बाई थोडं पाणी, थोडा गूळ घालते आणि वाढताना गप्प राहते. पण कुणाच्या तरी दिवाणखान्यात पंधरा-वीस बायकांसमोर उभं राहून "बघा हं, यातून एक थेंब सांडायचा नाही" असं म्हणत डबा उलटा करावा, आणि आतलं सगळं यजमानीणबाईंच्या नव्या गालिच्यावर ओतावं... ही चूक कुठे झाकणार? आणि बघणाऱ्या सगळ्या ओळखीच्या! उद्या भाजी घेताना भेटणार, परवा मुलांच्या शाळेच्या फाटकापाशी भेटणार.

घरी बायका जमवून वस्तू विकणाऱ्या बाईचं काम हे असं आहे. आपल्याकडे ते बऱ्याच जणींनी पाहिलंय, काहींनी केलंय. टपरवेअर भारतात १९९६ साली आलं, त्यानंतर कित्येक सोसायट्यांमध्ये दुपारच्या वेळी डब्यांच्या पार्ट्या झाल्या. पण या धंद्याची जन्मकथा अमेरिकेतली आहे, आणि ती वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. ही कथा यशाची म्हणून सांगितली जाते, पण खरं तर ती फजितीची आहे. एकीमागून एक फजित्या, आणि त्या झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचं याची माणसांनी शोधलेली उत्तरं. शेवटी मात्र एक अशी चूक, जिला माफीच मिळाली नाही.

तर सुरुवातीपासून सांगते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दारोदार फिरून विकणाऱ्यांची मोठी फौज होती. आल्फ्रेड फुलर नावाच्या माणसाने १९०६ साली ब्रश विकायला सुरुवात केली आणि त्याचे 'ब्रशवाले' पुढे देशभर ओळखीचे झाले. ओळखीचे झाले म्हणजे नकोसेही झाले. वायोमिंग राज्यातल्या ग्रीन रिव्हर या गावाने १९३१ साली नियमच केला की घरच्यांनी बोलावल्याशिवाय विक्रेत्याने दार वाजवायचं नाही. मग बाकीच्या गावांनीही तो उचलला. दारावरच्या विक्रेत्याची फजिती एकाच प्रकारची असे, तोंडावर दार आपटणं. अपमान खराच, पण दार बंद झालं की संपला. पुढच्या घरी त्याला कोणी ओळखत नसे.

त्याच १९३१ साली फ्रँक स्टॅन्ली बेव्हरिज या, एकेकाळी फुलरकडेच काम केलेल्या माणसाने मॅसॅच्युसेट्समध्ये स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. घासण्या-पुसण्याच्या वस्तू विकणारी. या कंपनीच्या विक्रेत्यांनी दारोदार फिरण्याऐवजी वेगळी पद्धत रुळवली. एका बाईने तिच्या घरी मैत्रिणी बोलवायच्या, विक्रेत्याने सगळ्यांना एकदमच वस्तू दाखवायच्या, आणि यजमानीणबाईला एक भेटवस्तू द्यायची. बोलावणं घरातूनच आलेलं, त्यामुळे दार आपटलं जायची भीतीच उरली नाही.

पण फजिती गेली नाही, ती फक्त दारातून आत आली. आता विक्रेता चुकला तर त्याचं एकट्याचं हसं होत नव्हतं. ज्या बाईने आपल्या भरवशावर मैत्रिणींना बोलावलं, चहा-केकची तयारी केली, तीही त्याच्याबरोबर खजील होत होती. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दारावरचा विक्रेता आपली अब्रू घेऊन फिरत होता. पार्टी करणारी बाई दुसरीची अब्रू उसनी घेऊन उभी राहत होती.

यातली पहिली लक्षात राहणारी फजिती टेक्ससमधल्या मेरी के अ‍ॅश हिची. (पुढे गुलाबी कॅडिलॅक गाड्या बक्षीस देणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची मालकीण झाली, तीच ही.) १९३०च्या दशकाच्या अखेरीस ती तीन लहान मुलांची आई होती आणि स्टॅन्लीच्या वस्तू विकायला लागली होती. पहिल्या तीन आठवड्यांत तिची दर पार्टीमागची विक्री साधारण सात डॉलरची होत होती. म्हणजे यजमानीणबाईची भेटवस्तू आणि जाण्यायेण्याचा खर्च धरला तर हातात काय उरत असेल याचा हिशोब करायलाच नको. एखादीने सामान परत केलं असतं आणि "मला नाही जमत" म्हणून सोडून दिलं असतं.

तिने बारा डॉलर उसने घेतले आणि कंपनीच्या डॅलसच्या संमेलनाला गेली. जेवणाला पैसे नाहीत म्हणून बरोबर चीज आणि बिस्किटं. तिथे त्या वर्षी सगळ्यांत जास्त विक्री करणाऱ्या बाईला राणी म्हणून मुकुट घातला. मेरी के सगळ्यांत मागे बसलेली. कार्यक्रम झाल्यावर तिने त्या राणीलाच गाठलं आणि गळ घातली, तुम्ही पार्टी कशी करता ते मला एकदा करून दाखवा. राणीने दाखवलं, आणि हिने एकोणीस पानं टिपणं काढली. घरी येऊन त्या टिपणांबरहुकूम काम सुरू केलं. पुढच्या वर्षी राणी हीच झाली.

या गोष्टीत जिद्दीचं कौतुक सगळेच करतात. मला त्या एकोणीस पानांचं जास्त वाटतं. ज्या कामात आपलं हसं होतंय ते काम नीट करणाऱ्या माणसासमोर जाऊन "मला येत नाही, शिकवा" म्हणणं ही त्या फजितीहून मोठी फजिती असते. ती एकदा पत्करली की बाकीच्या लहान वाटायला लागतात. मेरी केने १९६३ साली स्वतःची कंपनी काढली तेव्हा तिच्या विक्रेत्या बायका एका वेळी पाच-सहा जणींनाच बोलवत. प्रत्येकीकडे नीट लक्ष देता यावं हे त्याचं कारण, पण नवख्या बाईसमोर डोळ्यांच्या वीस जोड्यांऐवजी पाच-सहाच असणं हाही फायदा काही कमी नाही.

आता डब्याकडे वळू.

अर्ल टपर हा न्यू हॅम्पशायरमध्ये १९०७ साली जन्मलेला, सतत काहीतरी शोध लावत बसणारा माणूस. तेलशुद्धीकरणातून उरणाऱ्या पॉलिइथिलीनच्या काळ्या, वास येणाऱ्या गोळ्यापासून त्याने स्वच्छ, हलकं, न फुटणारं प्लॅस्टिक बनवलं आणि १९४६च्या सुमारास त्याचे वाडगे बाजारात आणले. खरी करामत झाकणात होती. रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट बसतं, तेच तत्त्व उलटं करून त्याने हवाबंद झाकण केलं. मधोमध दाबायचं, कड जरा उचलायची, आतली हवा 'फुस्स' करून बाहेर, की बसलं. या आवाजाला अमेरिकन लोक चक्क ढेकर म्हणत.

वस्तू उत्तम, रंग सुंदर, आणि दुकानात पडून! लोक विकत नेत आणि परत आणून देत, झाकण बसत नाही म्हणून. झाकणात काही दोष नव्हता, ते लावायचं कसं हेच कुणाला माहीत नव्हतं. पण दुकानात कोण कबूल करणार की मला डब्याचं झाकण लावता येत नाही? 'माल खराब आहे' म्हणणं सोपं. हा डबा विकायचा तर त्याचं झाकण कुणीतरी हातात हात धरून लावून दाखवायला हवं होतं. आणि ते अशा जागी, जिथे दोनदा चुकलं तरी चालतं. म्हणजे मैत्रिणीच्या घरी.

ते ओळखलं स्टॅन्लीच्याच काही विक्रेत्यांनी. त्यातली सगळ्यांत पुढची ब्राउनी वाइज. जन्म १९१३, जॉर्जिया राज्यातला. घटस्फोट झालेला, एक मुलगा, डेट्रॉइटमध्ये सेक्रेटरीची नोकरी. ती या धंद्यात कशी आली त्याची गोष्ट अशी सांगतात की स्टॅन्लीचा एक विक्रेता तिच्या घरी आला आणि त्याने वस्तू दाखवताना इतका गोंधळ घातला की हिला वाटलं, याहून बरं तर मी करीन. दुसऱ्याच्या फजितीने कुणाला धीर येऊ शकतो तो असा. लवकरच ती खरंच चांगली विक्रेती झाली आणि कंपनीत वरच्या जागेची स्वप्नं पाहायला लागली. तेव्हा खुद्द बेव्हरिजने तिला ऐकवलं की व्यवस्थापन हे बायकांचं ठिकाण नव्हे.

१९५०मध्ये ती फ्लोरिडात गेली आणि तिथे टपरवेअरच्या पार्ट्या करायला लागली. विक्री धडाक्यात सुरू झाली, आणि त्याबरोबर या धंद्यातली सगळ्यांत अवघड फजितीही. माल वेळेवर येईना. आला तर चुकीचा, अर्धवट. चूक होती दूर मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्याची, पण ती दिसत होती फ्लोरिडातल्या घराच्या दारात. पैसे देऊन बसलेल्या बाईला कारखाना दिसत नाही, तिला ब्राउनी दिसते. शेवटी १९५१ साली ब्राउनीने कारखान्याला ट्रंक कॉल लावला आणि थेट अर्ल टपरला सुनावलं. तो चिडला नाही. त्याने तिला भेटायला बोलावलं, आणि त्याच वर्षी टपरवेअर दुकानांतून काढून घेतलं गेलं, फक्त घरगुती पार्ट्यांतून विकायचं ठरलं, आणि त्या विभागाची उपाध्यक्ष झाली ब्राउनी वाइज. जिने तक्रार केली तिच्याच हातात कारभार!

यानंतरची काही वर्षं तिने जे उभं केलं, त्यात मला सगळीकडे चुकीची भीती कशी घालवावी याचा विचार दिसतो.

पहिली गोष्ट, वाडगा फेकणं. पार्टीत ती द्रवपदार्थाने भरलेला, झाकण लावलेला वाडगा खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फेकत असे. ज्या अपघाताची प्रत्येकीला भीती, तो आपणच आधी करून दाखवायचा. एकदा वाडगा हवेतून जाऊन न सांडता पलीकडे पोचला की नंतर हातातून निसटला तरी कुणी दचकत नाही. (अर्थात झाकण आधी नीट लावलेलं हवं!)

दुसरी गोष्ट, खेळ. टपरवेअरच्या पार्टीत विक्रीच्या आधी खेळ असत, आणि ते मुद्दाम वेडगळ असत. एका खेळात प्रत्येकीने आपला नवरा विकायला काढल्याची जाहिरात लिहून वाचून दाखवायची. आपल्या डोहाळजेवणाच्या किंवा मंगळागौरीच्या खेळांत बसलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. सगळ्याच जणी थोडंसं आपलं हसं करून घेतात तेव्हा खोलीत कुणी कुणाला हसायला उरत नाही. अशा खोलीत नवखी विक्रेती आकडा चुकली, नाव विसरली, तर तो आणखी एक विनोद होऊन जातो.

तिसरी गोष्ट, आठवड्याची बैठक. वितरकाकडे दर आठवड्याला विक्रेत्या बायका जमत. ज्यांची विक्री चांगली झाली त्यांच्यासाठी टाळ्या, गाणी, बक्षिसं. बाहेरून बघणाऱ्याला हा पोरकटपणा वाटे, आणि त्यात कंपनीचा स्वार्थ होताच. पण १९५०च्या दशकातल्या अमेरिकन गृहिणीचा विचार करा. दिवसभर घरात. काम झालं तर कुणी नाव घेत नाही, चुकलं तर मात्र सगळे घेतात. तिला पहिल्यांदाच अशी जागा मिळाली की जिथे आपल्यासारख्याच पन्नास जणी आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकीची मागच्या आठवड्यात कुठे ना कुठे फजिती झालेली आहे. एकटीने घरी नेलेली फजिती रात्रभर छळते. बैठकीत सांगितली की तिची गोष्ट होते. 'हसतील त्याचे दात दिसतील' हे एकटीने स्वतःला म्हणणं वेगळं आणि पन्नास जणींनी मिळून म्हणणं वेगळं.

ब्राउनीने टपरच्या त्या मूळच्या काळ्या गोळ्याचं 'पॉली' असं नाव ठेवलं होतं. ती तो बरोबर घेऊन फिरत असे आणि बायकांना त्याला हात लावून इच्छा मागायला सांगत असे. हसू येतं खरं. पण एका कुरूप, टाकाऊ गोळ्यातून हे सुंदर वाडगे झाले, हे त्या बायकांना सांगायची याहून सोपी पद्धत कुठली?

एप्रिल १९५४मध्ये 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर तिचा फोटो आला. तिथे झळकलेली ती पहिली बाई.

आता शेवटची फजिती. १९५७ सालचं वार्षिक संमेलन फ्लोरिडातल्या किसिमी इथे, कंपनीच्या मुख्यालयात होतं. ब्राउनीने पाहुण्यांसाठी टोहोपेकालिगा तळ्यातल्या तिच्या मालकीच्या बेटावर मोठी मेजवानी ठेवली. हजाराहून अधिक माणसं होड्यांतून बेटावर गेली आणि वादळ आलं. विजा, पाऊस, परतायची घाई, अंधारात होड्यांची टक्कर. काही माणसं जखमी झाली. नंतर नुकसानभरपाईचे दावे आले.

ही चूक गालिच्यावर आमटी सांडण्यातली नव्हती. माणसांना इजा झाली होती, आणि बेत तिचा होता. जबाबदारी तिची होती हे नाकारता येत नाही. पण पुढे जे झालं त्याचं कारण एवढंच नव्हतं. टपर आणि तिच्यात आधीपासून खटके उडत होते. कंपनी म्हणजे ब्राउनी असं लोक समजायला लागले होते, आणि ते त्याला खुपत होतं. त्याला कंपनी विकायचीही होती. जानेवारी १९५८मध्ये तिला काढून टाकलं. तिच्याकडे कंपनीचा एकही शेअर नव्हता. राहतं घरही कंपनीचं. कोर्टात जाऊन अखेर हातात पडला साधारण एका वर्षाचा पगार, तीस हजार डॉलर. त्याच वर्षी टपरने कंपनी एक कोटी साठ लाख डॉलरला रेक्सॉलला विकली. तिने लिहिलेल्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती मुख्यालयाच्या आवारात खड्डा खणून पुरण्यात आल्या. कंपनीच्या इतिहासातून तिचं नाव निघून गेलं. तिने नंतर सौंदर्यप्रसाधनांची एक कंपनी काढून पाहिली, ती चालली नाही. १९९२ साली ती गेली.

मला या गोष्टीतला सगळ्यांत बोचणारा भाग हा वाटतो. हजारो बायकांना चुकल्यावर सावरायला तिने जागा करून दिली, बैठका, टाळ्या, खेळ, हसणं. पण ती स्वतः चुकली तेव्हा तिच्यासाठी अशी बैठक कुठेच नव्हती. खालच्या पायरीवरच्या बाईची चूक हा धंदा हसून सोडून देत होता, कारण तशा बायका हजारो होत्या आणि त्या टिकायला हव्या होत्या. वरच्या पायरीवर बाई एकच होती.

फजितीची आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. पार्टीत फक्त विकणारीच ओशाळते असं नाही. बोलावलं, चहा दिला, मग रिकाम्या हाताने कसं उठायचं? ही पाहुणीची पंचाईत, आणि धंदा तिच्यावरही चालतो. आपल्याकडे तर ती दुप्पट, कारण विकणारी 'काकू, एकदा हातात घेऊन तर बघा' म्हणते, आणि काकूंना नाही म्हणणं म्हणजे डब्याला नाही म्हणणं राहत नाही. अमेरिकेत १९७२ साली ठरलेल्या नियमाने घरी झालेली खरेदी तीन दिवसांत रद्द करायची मुभा दिली. भारतात थेट विक्रीचे नियम २०२१च्या डिसेंबरमध्ये आले. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय घरी यायचं नाही, असं त्यात आहे. ग्रीन रिव्हर गावाने नव्वद वर्षांपूर्वी म्हटलं होतं तेच, जवळजवळ.

पण कायदा फक्त पैसे परत देववतो. चुकीची ऑर्डर आणणाऱ्या बाईने पुढच्या आठवड्यात जिन्यात समोर आलेल्या वहिनींना पाहून मान खाली घालायची, की "वहिनी, तुमचा डबा बदलून आणलाय, घरी आहात ना?" म्हणायचं, हे तिचं तिलाच ठरवावं लागतं. ज्या जणी या कामात टिकल्या, त्या चुकल्या नाहीत असं नाही. त्या दुसऱ्या दिवशी त्याच दारात परत गेल्या.

टपरवेअर कंपनीने सप्टेंबर २०२४मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. लोक पार्टीला जायचे थांबले, बरण्या-डबे दुकानात आणि फोनवर स्वस्त मिळायला लागले. तोवर कंपनीला आपली चूक थोडीशी उमगली होती म्हणायची. २०१६ साली तिने किसिमीतल्या तळ्याकाठच्या उद्यानासाठी देणगी दिली आणि तिथल्या एका भागाला ब्राउनी वाइजचं नाव दिलं. तळं तेच आहे, ज्याच्यावर त्या रात्री होड्या आदळल्या होत्या. एका चुकीसाठी पुसलेलं नाव त्याच पाण्याच्या काठावर परत लिहायला अठ्ठावन्न वर्षं लागली.